डावीकडून तिसरा

जुना वार्षिकांक हाती आला की माणूस संपादकीय वाचत नाही. मुख्याध्यापकांचं मनोगत वाचत नाही, ‘पर्यावरण : काळाची गरज’ हा बक्षीसपात्र निबंध तर नाहीच नाही. तो थेट मागच्या पानांकडे जातो आणि स्वतःचं नाव शोधतो. ते सापडलं की शेजारच्या बाकावरच्या मित्राचं, मग जिच्याशी बोलायची कधी हिंमत झाली नाही तिचं. नाव नसेल तर दोन-चार पानं चाळतो, ‘छान आहे हो अंक’ म्हणतो आणि परत देतो. शाळांचे शतकमहोत्सव, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, वाचनालयांतल्या कपाटांची आवराआवर, सगळीकडे हेच पाहत आलो आहे. माझं काम छापखान्याच्या बाजूचं : मजकूर जुळवून घेणं, प्रुफं वाचणं, पानं लावणं. त्या टेबलावरून अनेक शाळांचे अंक गेले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. वार्षिकांक वाचला जातो मागून, आणि आपण तो रचतो पुढून. ही पुस्तिका ज्या शिक्षकांच्या गळ्यात दर वर्षी अंकाचं काम पडतं त्यांच्यासाठी आहे, आणि तिच्यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला या विसंगतीतून निघाला आहे.

बाराशेच्या पटाची शाळा धरा. तिच्या अंकात नावं किती मुलांची असतात? मोजून पाहा. वक्तृत्वात जी मुलगी पहिली, तीच विद्यार्थी संपादक मंडळाच्या फोटोत, तीच विज्ञान प्रदर्शनाच्या वृत्तांतात, कविताही तिचीच. तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण रोज नदी ओलांडून शाळेत येणारा, सातवीत दोनदा बसलेला, स्नेहसंमेलनात पडदा ओढणारा मुलगा दहा वर्षं शाळेत काढून बाहेर पडतो आणि शाळेच्या एकाही छापील पानावर त्याचा मागमूस राहत नाही. त्याचं नाव असतं ते फक्त हजेरीपटावर आणि जनरल रजिस्टरमध्ये.

असं का झालं, याला इतिहास आहे, आणि तो शिक्षकांच्या पक्षपाताचा नाही. निदान मुख्यतः नाही.

अमेरिकेतलं ‘इयरबुक’ फोटोच्या अल्बममधून जन्माला आलं. येल कॉलेजातून १८०६ साली बाहेर पडलेल्या काही विद्यार्थ्यांच्या छायाकृतींचं, म्हणजे चेहऱ्याच्या काळ्या कडेचित्रांचं, एक पुस्तक निघालं होतं. फोटोग्राफीचा शोध तेव्हा लागायचा होता. पुढे १८६० च्या सुमारास बोस्टनच्या परिसरात जॉर्ज वॉरन नावाच्या फोटोग्राफरने एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता येतात याचा फायदा घेतला. कॉलेजची मुलं आपापल्या फोटोंच्या प्रती काढून घेत, एकमेकांत वाटत आणि त्यांचे अल्बम बांधून घेत. १८८० नंतर हाफटोन ब्लॉकमुळे फोटो मजकुराबरोबर छापता यायला लागले आणि अल्बमचं पुस्तक झालं. म्हणून त्यांच्याकडे शाळा सोडणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा आणि खाली नाव, हा पुस्तकाचा पायाच आहे. लेखन असलं तर तोंडी लावण्यापुरतं.

आपला वार्षिकांक दुसऱ्या घराण्यातला. मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेची मराठी शाखा म्हणून उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा निघाली. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. सभेत निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची, चांगले निबंध छापायचे, अशी ती रीत होती आणि तिच्यातूनच १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू झालं. पुढे मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ आलं, १९०६ पासून वासुदेव गोविंद आपट्यांचं ‘आनंद’ आलं, १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. शाळांनी आणि कॉलेजांनी आपले अंक काढायला घेतले तेव्हा डोळ्यांसमोर नमुना होता तो मासिकाचा आणि नंतर दिवाळी अंकाचा. संपादकीय, निबंध, कथा, कविता, विनोद आणि सगळ्यात शेवटी शाळेचा अहवाल. मासिकात जो लिहितो त्याचं नाव येतं. जो लिहीत नाही त्याचा प्रश्नच मासिकाला पडत नाही.

याच घराण्यातलं हस्तलिखित मात्र मला छापील अंकापेक्षा सरस वाटतं. ज्यांनी ते केलं आहे त्यांना सांगायला नको. वर्गातल्या सुवाच्य अक्षराच्या चार-पाच मुलांना मोठे ताव मिळत. चित्रकलेचे सर पानाला शिसपेन्सिलीने चौकट आखून द्यायचे, तिच्यात वेलबुट्टी भरायचं काम मुलींकडे. टाक, काळी शाई, शीर्षकाला लाल. एखादं पान शेवटच्या ओळीला डागाळलं की अख्खं पान पुन्हा लिहायचं, म्हणून खेळाच्या तासालाही ही मंडळी वर्गात डोकं खुपसून बसलेली. मग कापडी पुठ्ठा, आत एक पातळ बटर पेपर आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन. प्रत एकच. ती ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात गेली की पुन्हा बाहेर येते ती कुणी साहेब तपासणीला आले तरच. तरीही त्यात एक मोठी गोष्ट होती. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याला चौकट रंगवता येत होती, पुठ्ठा चिकटवता येत होता, आणि शेवटच्या पानावर ‘सजावट’ आणि ‘बांधणी’ अशी नावं यायची. छापील अंकात हे काम पैसे घेऊन आम्ही करायला लागलो आणि ती नावं गेली.

आता छापखान्याचा गुन्हा. गुन्हाच म्हणतो, कारण फोटोत मोजकेच चेहरे ही सवय आमच्या धंद्याने लावली. खिळ्यांच्या काळात मजकूर एक एक खिळा उचलून जुळवला जाई. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून मराठीच्या खणांची संख्या इंग्रजीच्या कितीतरी पट. नवशिक्या कंपोझिटरला खण पाठ व्हायलाच महिने लागत. पण मजकूर तरी स्वस्त होता. फोटो महाग. फोटो छापायचा तर जस्ताचा हाफटोन ब्लॉक करून घ्यावा लागे. त्याचा दर चौरस इंचावर लागायचा आणि लहान गावच्या शाळेला तो मुंबई-पुण्याहून करून आणावा लागे. शिवाय साध्या कागदावर ब्लॉक उठत नाही, काळा गोळा होतो. म्हणून फोटोंसाठी आर्ट पेपर वेगळा, ती पानं वेगळी छापायची आणि बांधणीच्या वेळी मधे घालायची. मग हेडमास्तर म्हणणार, तीन ब्लॉक परवडतील. एक संस्थेच्या अध्यक्षांचा, एक बक्षीस समारंभाचा, एक विद्यार्थी मंडळाचा. पडदा ओढणारा मुलगा त्यात बसत नव्हता, कारण त्याच्या चेहऱ्याला जस्त लागणार होतं.

नव्वदच्या दशकात गावोगावी डीटीपी आलं, ऑफसेट आलं. फोटो आणि मजकूर एकाच प्लेटवर जायला लागले. एका फोटोच्या जागी आठ फोटो घातले तरी प्लेटचा खर्च तोच. म्हणजे ज्या अडचणीपायी चेहरे गाळावे लागत होते ती अडचण संपली. सवय राहिली. आजही रंगीत, गुळगुळीत, चकचकीत अंक येतात आणि त्यात अध्यक्षांचे फोटो तीनाचे अकरा झालेले असतात. मुलांचे तेवढेच.

पुस्तिकेचा सगळ्यात मोठा भाग म्हणूनच वर्गाच्या फोटोवर आहे. वाचकाला ते विचित्र वाटेल. वर्गाचा फोटो म्हणजे काय, फोटोग्राफर येतो, बाक लावतो, उंच मुलं मागे, बुटकी पुढे, मधे वर्गशिक्षक, झालं. फोटो निघतो ठीक. हुकतं ते फोटोखालच्या ओळीत. फोटो डिसेंबरात निघतो आणि नावं मागितली जातात फेब्रुवारीत, तेव्हा दुसऱ्या रांगेत टोपी घालून कोण उभं होतं यावर वर्गात दोन तट पडतात. म्हणून नावं त्याच दिवशी, मुलं बाकावरून खाली उतरायच्या आत घ्यायची. आणि ती घ्यायचीही एक पद्धत आहे. बहुतेक ठिकाणी मॉनिटर वही घेऊन रांगेपाशी जातो, मुलांकडे पाठ करून त्यांच्यासारखाच कॅमेऱ्याच्या दिशेने तोंड करतो आणि आपल्या डावीकडून नावं लिहीत सुटतो. फोटो बघणाऱ्याची ती उजवी बाजू. छापून आल्यावर अख्खी रांग उलटी. डावीकडून तिसरा म्हणून ज्याचं नाव आहे तो उजवीकडून तिसरा असतो आणि पन्नास वर्षांनी त्याची नात भलत्याच मुलाकडे बोट दाखवून ‘हे आमचे आजोबा’ म्हणते. नावं लिहिणाऱ्याने कॅमेऱ्याच्या जागी उभं राहावं, ‘बसलेले’, ‘उभे, पहिली रांग’, ‘उभे, दुसरी रांग’ अशा आडव्या ओळी आखाव्यात आणि त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची नावं शेवटी, गैरहजर असं म्हणून, जरूर घालावीत. फोटोत नसलेली मुलंही त्या वर्गातच होती.

नाव कसं छापायचं, हा पुढचा पेच. रजिस्टरमध्ये एक, हाकेचं दुसरं, आधार कार्डावर तिसरं. जुन्या अंकांत मुलांची आडनाव आधी आणि मुलींची ‘कु.’ लावून, अशी पद्धत दिसते. आता १ मे २०१४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचं नाव यायचं आहे : मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ही मुलं दहावीच्या फोटोला उभी राहतील तेव्हा खालच्या ओळी लांबणार, हे पानं लावणाऱ्याने आतापासून ध्यानात ठेवावं. माझा आग्रह एवढाच की, एका अंकात एकच पद्धत ठेवा आणि ती वर्गशिक्षकांकडून नाही, मुलाकडून तपासून घ्या. प्रुफाचा कागद वर्गात फिरवला आणि प्रत्येकाने आपल्या नावापुढे बरोबरची खूण केली की अर्ध्या तासात काम होतं. ‘शिर्के’चा ‘शिके’ झालेला मुलालाच पहिल्यांदा दिसतो. श्रीलिपीतला जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उडतो, ‘ऱ्य’ फुटतो, आणि आम्हाला तो कुठे उडाला हे नावांच्या यादीत कळत नाही. निबंधात चुकलेला शब्द संदर्भाने लागतो, आडनाव लागत नाही.

लेखनाचं काय, असं मराठीचे शिक्षक विचारतीलच. विचारायलाच हवं. सूचनाफलकावर ‘वार्षिकांकासाठी साहित्य द्यावे’ अशी नोटीस लागते, आणि मग जे येतं ते कुणापासून लपलेलं नाही. पूर्वी ‘आनंद’मधून, ‘किशोर’मधून उतरवलेल्या कविता यायच्या, नंतर इंटरनेटवरच्या आल्या, आता यंत्राकडून लिहून घेतलेले निबंध येतात, आणि त्यांचं शुद्धलेखन सरांपेक्षा चांगलं असतं. चोरी पकडत बसण्यात अर्थ नाही. मागणीच तशी आहे. ‘साहित्य’ मागितलं की मूल साहित्यासारखं दिसणारं काहीतरी आणून देतं. त्याऐवजी एका तासाला सगळ्या वर्गाला विचारा की शाळेत येताना वाटेत काय काय लागतं. डब्यात आज काय होतं आणि ते कुणी केलं. पाच ओळी, वहीच्या कागदावर, तिथेच बसून. हे उतरवायला जागा नाही.

आणि आलेलं फार सुधारू नका. एकदा माझ्याकडे मुलाचा मूळ कागद आणि शिक्षकांनी नक्कल करून दिलेला मजकूर, असे दोन्ही चुकून एकाच पाकिटात आले. मुलाने लिहिलं होतं : बा ऊसतोडीला गेला की मी आजीकडं असतो, मग शाळा पण आजीच्या गावची. नक्कल केलेल्या कागदावर त्याचं झालं होतं : माझे वडील कामानिमित्त बाहेरगावी असतात. व्याकरण निर्दोष. पण पहिल्या वाक्यात एका मुलाचं अख्खं वर्ष होतं, दुसऱ्यात कुणाचंच नाही. शुद्धलेखन जरूर तपासा, ‘बा’ला हात लावू नका.

मुलं स्वतःच्या हिमतीवर जे काढतात त्याकडे शाळेने तुच्छतेने पाहिलं, याचं मला नवल वाटतं. स्लॅम बुक घ्या. निरोप समारंभाच्या आधीच्या महिन्यात ही वही वर्गभर फिरते. आवडता रंग, आवडता हिरो, माझ्याबद्दल एक वाक्य. शिक्षक ती जप्त करतात. पण बारकाईने पाहिलं तर वर्गातल्या प्रत्येकाला एक पान, ही अंकाच्या संपादकाला न सुचलेली गोष्ट त्या वहीत आपोआप झालेली असते. तिथे हुशार-ढ असा भेद नाही, पानं सारखीच. पुस्तिकेत ‘प्रत्येकाची एक ओळ’ नावाचा विभाग सुचवला आहे, तो सरळ या वहीवरून उचललेला आहे. दहावीच्या प्रत्येक मुलाचा टिकलीएवढा चेहरा, नाव आणि त्याने स्वतः लिहिलेली एक ओळ. एका पानावर अशा पंधरा चौकटी सहज बसतात. म्हणजे साठ मुलांची तुकडी चार पानांत.

पानांचा हिशेब कळला की असल्या गोष्टी परवडतात. छपाई फर्म्यावर चालते, साधारणपणे सोळा पानांचा एक फर्मा. शहाण्णव पानांचा अंक म्हणजे सहा फर्मे. अठ्ठ्याण्णव केलात तर दोन पानांसाठी नवी प्लेट आणि नवा कागद. पिना मारून बांधणी असेल तर पानं चाराच्या पटीतच हवीत. हे सुरुवातीला माहीत असलं की शेवटच्या आठवड्यात ‘ही कविता कुठेतरी घालाच’ म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं. फोटोंबद्दलही एक सांगतो. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो पाठवतानाच बारीक होतो. मोबाइलवर तो झकास दिसतो, पण छापायला इंचाला तीनशे ठिपके लागतात, आणि पानभर लावलेल्या वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या चेहऱ्यांचं पीठ होतं. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्हवर आणून द्या. जाहिरातींवर मी फार लिहिलेलं नाही. सराफ, खताचं दुकान, पतसंस्था, माजी विद्यार्थी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एवढंच म्हणेन की त्या जपा. गावातली कुठली दुकानं कधी होती, हे तीस वर्षांनी त्याच पानांवरून कळतं.

एका बाबतीत मात्र काळ बदलला आहे. पूर्वी अंक गावातच फिरायचा. आता त्याची पीडीएफ त्याच दिवशी संस्थेच्या संकेतस्थळावर चढते आणि मुलाचा चेहरा, नाव, वर्ग कुणालाही, कुठेही दिसतो. २०२३ च्या डिजिटल विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायला पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच संमतीपत्र भरून घ्या, छापील अंकासाठी वेगळं आणि इंटरनेटसाठी वेगळं. घरचे पत्ते, फोन नंबर, जन्मतारखा जुन्या स्मरणिकांत सर्रास असत. आता नकोत. ज्या पालकांनी फोटोला नकार दिला त्यांच्या मुलाची चौकट रिकामी न ठेवता तिथे त्याने काढलेलं चित्र घाला. पालकांची हरकत असली तर नावाचं पहिलं अक्षर पुरे.

शेवटी, अंक निघाल्यानंतरचं. पूर्वी १८६७ च्या मुद्रण कायद्यामुळे छापील पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालावं लागे, म्हणून मुखपृष्ठ फाटलेला अंकही कुठला हे त्या बारीक ओळीवरून लागतो. तो कायदा आता गेला, पण ओळ ठेवा, आणि मुखपृष्ठावर शैक्षणिक वर्ष ठळक घाला. ते विसरलेले अंक आश्चर्य वाटावं इतके आहेत. संगणकातल्या फाइलवर विसंबू नका. पेजमेकरमध्ये केलेल्या, सीडीवर जपून ठेवलेल्या अंकांच्या फाइली घेऊन लोक माझ्याकडे येतात. सीडी चालली तर फाइल उघडत नाही, फाइल उघडली तर फॉन्ट नसतो आणि पानभर चौकोन दिसतात. त्याच वर्षीचा छापील अंक कुणाच्या तरी माळ्यावर असतो आणि तो धूळ झटकून वाचता येतो. तेव्हा वाटपाच्या आधी तीन प्रती बाजूला काढाव्यात. एक शाळेच्या ग्रंथालयात, एक गावच्या सार्वजनिक वाचनालयात पोच घेऊन, आणि तिसरी कार्यालयात, जिथे जनरल रजिस्टर ठेवतात त्या लोखंडी कपाटात. शाळा इमारत बदलते, ग्रंथालय रद्दीला काढते, पण ते कपाट कुणी टाकून देत नाही.